हॅरिस शील्ड ज्याच्या नावाने, तो हॅरिस नेमका कोण?

प्रश्न असा आहे: मुलाची यंदा हॅरिस शील्ड या मुंबईच्या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेसाठी शाळेच्या संघात निवड झाली. घरात कौतुक चाललेले असताना आजोबा म्हणाले, "टिळकांनी ज्याला झोडपला, त्या गव्हर्नरच्या नावाची ढाल कसली मिरवता?" नेटवर पाहिले तर तोच माणूस 'भारतीय क्रिकेटचा जनक' निघाला. मग खरे काय मानायचे?

आजोबांचे पारडे जड आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी कॉलेजात तीसेक वर्षे इतिहास शिकवला आणि त्यातली बरीच वर्षे शालेय सामन्यांत हौशी स्कोअरर म्हणून आझाद मैदानावर तंबूत बसलो. त्यामुळे हा हॅरिस, म्हणजे १८९० ते १८९५ मधला मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस, मला दोन्हीकडून भेटला, मुंबई इलाख्याच्या कागदांत आणि स्कोअरबुकाच्या पहिल्या पानावर. दोन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे, हे पटायला मला वेळ लागला.

घराण्यापासून सुरुवात करू, कारण 'इंग्रज उमराव' म्हटले की आपल्यापुढे हजार वर्षांची गढी आणि भिंतीवरच्या ढाली-तलवारी येतात. हॅरिस घराण्याचे तसे काही नव्हते. पणजोबा जॉर्ज हॅरिस हा केंटमधल्या एका साध्या पाद्र्याचा मुलगा. तो फौजेत गेला, चढत चढत जनरल झाला, आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपू सुलतानाविरुद्धच्या फौजेचा सेनापती होता. किल्ला पडल्यावर लुटीची जी वाटणी झाली, तीत सेनापतीचा वाटा अर्थातच घसघशीत होता. दोन वर्षांत, १८०१ मध्ये, त्याने केंटमध्ये फॅव्हरशॅमजवळ बेलमाँट नावाची इस्टेट घेतली. सरदारकी १८१५ मध्ये मिळाली आणि किताबात चक्क 'श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर' ही नावे घातली गेली. म्हणजे आपला लॉर्ड हॅरिस मुंबईला आला तेव्हा त्याच्या घराचे हिंदुस्थानशी नाते तीन पिढ्यांचे होते, आणि त्याची लॉर्डपदवीच इथल्या पैशावर आणि इथल्या पराभवावर उभी होती.

वडीलही गव्हर्नरच होते. तिसरे लॉर्ड हॅरिस आधी त्रिनिदादला होते, मग १८५४ ते १८५९ मद्रासला. सत्तावनच्या धामधुमीत त्यांनी मद्रासची पलटण बंगालकडे धाडली. मुलगा जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस ३ फेब्रुवारी १८५१ रोजी त्रिनिदादमध्ये जन्मला. तो दोन वर्षांचा असताना आई वारली. पुढचा रस्ता त्या वर्गाला आखूनच दिलेला असे: ईटन, मग ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च कॉलेज. १८७२ मध्ये वडील गेले आणि एकविसाव्या वर्षी तो चौथा लॉर्ड हॅरिस झाला.

आता क्रिकेट. इथे मात्र माणूस अस्सल होता, ते कबूल करायलाच हवे.

१८७० मध्ये लॉर्ड्सवर ईटन विरुद्ध हॅरो हा शाळांचा सामना चालू होता. हॅरोचा एक फलंदाज गोलंदाजाच्या टोकाला चेंडू सुटायच्या आधीच क्रीज सोडून पुढे सरकत होता. एकोणीस वर्षांच्या हॅरिसने चेंडू टाकायच्या ऐवजी त्याच्या यष्ट्या उडवल्या. आपण ज्याला 'मंकडिंग' म्हणतो तेच हे, विनू मंकड जन्मायच्या सत्तेचाळीस वर्षे आधीचे. त्यावर बरीच आरडाओरड झाली. हॅरिसचे म्हणणे एवढेच की नियम आहे. हा एक प्रसंग लक्षात ठेवला तर पुढचा सगळा माणूस कळतो. फेकी गोलंदाजीविरुद्ध त्याने अशीच मोहीम चालवली. लँकेशायरचे दोन गोलंदाज हात झटकून चेंडू फेकतात असे त्याचे ठाम मत होते, म्हणून त्याने आपल्या केंट काउंटी संघाचा त्यांच्याशी सामनाच बंद केला. म्हातारपणी, १९२२ मध्ये, वॉली हॅमंड नावाचा पोरगा ग्लॉस्टरशायरकडून खेळत होता. त्याचा जन्म केंटमधला, डोव्हरचा, आणि निवासाची अट पुरी झालेली नव्हती. हॅरिसने बोट ठेवले आणि त्याला काउंटी सामन्यांतून बाहेर बसवले. नियम म्हणजे नियम, मग समोर कोणी का असेना.

तो इंग्लंडचा चार कसोटींत कर्णधार होता: दोन जिंकल्या, एक हरली, एक अनिर्णित. १८८० मध्ये ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी झाली, तिचा यजमान कर्णधार तोच. पण मला त्याच्या खेळाविषयी एकच प्रसंग सांगायची मुभा दिली, तर मी सिडनीचा सांगेन.

८ फेब्रुवारी १८७९. हॅरिसचा इंग्लिश संघ न्यू साउथ वेल्सशी खेळत होता. यजमानांवर फॉलोऑन आलेला, आणि त्यांचा लाडका फलंदाज बिली मर्डॉक धावबाद दिला गेला. निर्णय देणारा पंच कूल्टहार्ड हा व्हिक्टोरियाचा, त्यातून हॅरिसनेच सोबत आणलेला. सिडनी आणि मेलबर्नचे हाडवैर, वर मैदानाभोवती पैजा लागलेल्या. लोक कुंपण ओलांडून आत घुसले. कोणीतरी हॅरिसलाच काठी हाणली. सहकारी हॉर्न्बीने त्या माणसाची मानगूट धरून त्याला पॅव्हेलियनकडे फरफटत नेले. त्यात हॉर्न्बीचा सदरा जवळजवळ फाटून गेला. बरे, दुसरा पंच होता एडमंड बार्टन, जो पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. तर अशा गर्दीत हॅरिस निदान अर्धा तास मैदानातच उभा राहिला. त्याचा हिशेब साधा होता: मी मैदान सोडले तर सामना सोडला असे धरतील. निदान अर्धा तास, काठीचा मार खाऊन, जमावाच्या मधोमध. हा आकडा मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

गव्हर्नरी कशी मिळाली? क्रिकेटमुळे नाही, निदान थेट नाही. हुजूर पक्षाचा लॉर्ड होता, लंडनमध्ये आधी भारत खात्याचा आणि मग युद्ध खात्याचा उपमंत्री होता. मुंबई आणि मद्रासची गव्हर्नरपदे ही त्या काळी अशा माणसांना द्यायची प्रतिष्ठेची बक्षिसे होती. बाकीचे प्रांत मुलकी सेवेत मुरलेल्या अधिकाऱ्यांकडे जात, या दोन इलाख्यांवर विलायतेहून थेट उमराव यायचे. वार्षिक पगार १,२०,००० रुपये. राहायला मलबार पॉइंट, महाबळेश्वर आणि पुण्याचे गणेशखिंड. हाताखाली नुसती मुंबई नव्हे, तर सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख आणि समुद्रापलीकडचे एडनसुद्धा. एप्रिल १८९० मध्ये लॉर्ड रे यांच्या जागी तो आला.

आणि इथेच 'जनक' या बिरुदाची तारखेनेच वाट लागते. मुंबईच्या पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला १८४८ मध्ये, म्हणजे हॅरिसच्या जन्माआधी. पारशी संघ इंग्लंडला जाऊन आला तो १८८६ आणि १८८८ मध्ये. जानेवारी १८९० मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश संघाला पारशांनी मुंबईत हरवले, तेव्हा हॅरिस अजून लंडनमध्ये सामान बांधत होता. ज्या पोराचे बारसे होऊन ते शाळेत जायला लागले होते, त्याचा बाप म्हणून कोणी नंतर येऊन सही करावी, तसा हा प्रकार.

मग त्याने केले काय? इथे मैदानाची गोष्ट सांगावी लागते, कारण माझ्या मते त्याची खरी खूण तिथेच उरली आहे.

आज जे आझाद मैदान आहे, त्या पट्ट्यावर तेव्हा हिंदी पोरे क्रिकेट खेळत. कडेलाच गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना. या जिमखान्याच्या साहेबलोकांना पोलो खेळायला त्यांच्या हक्काचे मैदान पुरेना, म्हणून ते घोडे घेऊन हिंदी खेळाडूंच्या मैदानात उतरत. घोड्यांच्या टापांनी जमिनीची काय दशा होते ते ज्याने मातीवर क्रिकेट खेळले आहे त्याला सांगायला नको. चेंडू टप्पा पडून गुडघ्याला जाईल की हनुवटीला, याचा नेम नाही. आठवड्यातून एक-दोनदा मूठभर लोकांनी घोडे फिरवायचे आणि शेकडो पोरांनी उरलेले दिवस खड्ड्यांत खेळायचे. १८८०च्या दशकापासून शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थाने याविरुद्ध अर्जांची मोहीम चालवली होती. सरकार कधी होय म्हणे, कधी फिरवे.

नवा गव्हर्नर स्वतः इंग्लंडचा कर्णधार! लोकांना वाटले, आता तरी. हजारावर सह्यांचा अर्ज गेला. हॅरिसने तो फेटाळला.

ईटनला क्रीजमधून वीतभर पुढे सरकलेला फलंदाज ज्याला खपला नाही, त्याला दुसऱ्याच्या खेळपट्टीवर शिरलेले घोडे खपले. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरूनसुद्धा हात वर यायचा: "सर, मग नियम कुठे गेला?" मी म्हणायचो, नियम होताच, पण तो कुंपणाच्या आतल्यांसाठी.

बदल्यात त्याने दुसरी वाट काढली. चर्चगेटहून सुटलेली लोकल मरीन लाइन्स सोडून चर्नी रोडकडे निघाली की डाव्या हाताला समुद्राच्या बाजूने मैदाने आणि कौलारू पॅव्हेलियन दिसतात. ही भर घालून काढलेली जमीन, तेव्हाचा केनेडी सी फेस. पारशी जिमखान्याला तिथे जागा त्याच्या आधीच मिळालेली होती. मुसलमानांनी अर्ज केला, हिंदूंनी केला. हॅरिसने दिल्या जागा. इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना (आजच्या पी. जे. हिंदू जिमखान्यातले पीजे म्हणजे परमानंददास जीवनदास) हे त्याच्याच कारकिर्दीतले. हिंदू जिमखाना १८९४ मध्ये सुरू झाला.

पण जागा देताना त्याने सरकारी कागदावर जो शेरा मारला, तो बघण्यासारखा आहे. आशय असा: या अर्जदारांना नाही कसे म्हणावे ते कळत नाही, पण एकदा प्रत्येक 'नॅशनॅलिटी'चा एकेक प्रतिष्ठित जिमखाना झाला की पुढे मी कोणालाही जागा देणार नाही, तुमच्या लोकांना जमीन मिळाली आहे, तिथे जाऊन सभासद व्हा, असे सांगेन. शब्द 'नॅशनॅलिटी' आहे आणि अर्थ धर्म. म्हणजे मुंबईच्या क्रिकेटची विभागणी धर्मावर झाली ती एका गव्हर्नरच्या फायली निकालात काढण्याच्या सोयीतूनही झाली. लोक मुळात आपापल्या जातीजमातींचे क्लब काढतच होते, हे खरे, सगळे खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणार नाही. पण जमिनीचा कागद झाला की सवयीची भिंत होते. पुढे गोरे आणि पारशी यांच्या सामन्यात १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान आले, १९३७ मध्ये 'द रेस्ट' म्हणून उरलेले आले. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी. १९४६ मध्ये ते सारे बंद पडले, तोवर गांधीजींनाही त्याविरुद्ध बोलावे लागले होते.

आता आजोबांच्या मुद्द्याकडे येऊ.

११ ऑगस्ट १८९३, शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर जुम्मा मशिदीतून निघालेला जमाव जवळच्या हनुमान गल्लीतल्या देवळाकडे वळला आणि मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. काही दिवस आधी काठेवाडात प्रभासपाटणला दंगा झाला होता, त्याचे पडसाद होतेच. दुसऱ्या दिवसापासून गिरणगावातले कामगार रस्त्यावर आले. पोलीस पुरेनात, फौज बोलवावी लागली. शहराचे व्यवहार ठप्प, माणसे मरत होती.

गव्हर्नर होते पुण्यात. इथे एक गैरसमज दूर करतो: हॅरिस मजा मारायला मुद्दाम पुण्याला गेला होता असे नाही. गव्हर्नरचे वर्षच असे असे की थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. ऑगस्टमध्ये तो गणेशखिंडीत असणे ठरल्याप्रमाणेच होते. (ती वास्तू म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.) प्रश्न तो तिथे का होता हा नाही, तिथून का हलला नाही हा आहे. पुण्याहून मुंबईला रेल्वे होती, काही तासांचा प्रवास. हॅरिस गणेशखिंडीत क्रिकेटचे सामने खेळवत राहिला. तो मुंबईत आला दंगलीच्या नवव्या दिवशी, आणि तेही मुख्यतः एका क्रिकेट सामन्यासाठी.

सिडनीत सामना हातचा जाऊ नये म्हणून निदान अर्धा तास जमावात उभा राहिलेला हाच तो माणूस.

भित्रा नव्हता, मूर्खही नव्हता. मला वाटते, त्याच्या लेखी मुंबईची दंगल हा त्याचा 'सामना' नव्हताच. ते पोलिसांचे आणि लष्कराचे काम. दोन जमाती भांडतात, सरकार वरून बघते. नंतर खुलासे देताना त्याच्या सरकारने गोरक्षण सभांच्या चळवळीकडे बोट दाखवले. टिळकांनी 'केसरी'तून नेमके हेच धरले: तंट्याचे मूळ सरकारच्या पक्षपाती धोरणात आहे आणि सरकार दोष मात्र हिंदूंच्या सभांवर ढकलते आहे. टिळकांची बाजू तेव्हा हिंदूंची होती, ते काही निःपक्ष पंच नव्हते. हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या वर्षातला आणि त्यापुढच्या वर्षातला पुण्याचा सार्वजनिक गणेशोत्सव, मेळे, वाजंत्रीवरून झालेले वाद, हे सगळे ज्या तापलेल्या हवेत घडले, त्या हवेत हॅरिसच्या कारभाराचा मोठा वाटा होता. त्यात भर म्हणजे १८९२च्या कौन्सिल कायद्याखाली मुंबई कायदेमंडळाच्या जागा ठरवल्या, तेव्हा ज्या मध्य विभागाचे मुख्य ठिकाण पुणे, त्याला सुरुवातीला प्रतिनिधीच दिला नाही. पुणेकरांना डावलून पुण्यात राहायचे म्हणजे काय होते, ते निराळे सांगायला नको.

१८९५ च्या सुरुवातीला तो गेला. निरोपाला त्याच्या कारभारावरच्या वृत्तपत्री टीकेचे एक अख्खे पुस्तक निघाले, आणि त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की गेल्या शंभर वर्षांत मुंबईच्या कोणत्याही गव्हर्नरवर एवढी कडक टीका झाली नाही आणि कोणी एवढा अप्रिय ठरला नाही. शंभर वर्षे म्हणजे फार मोठा काळ, आणि त्यात एकाहून एक वल्ली होऊन गेल्या आहेत.

विलायतेत मात्र त्याचे काही बिघडले नाही. परतला त्याच वर्षी एमसीसी या इंग्लंडच्या मातब्बर क्रिकेट क्लबचा अध्यक्ष झाला, पुढे १९१६ पासून मरेपर्यंत त्याचा खजिनदार. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या 'कन्सॉलिडेटेड गोल्ड फील्ड्स' कंपनीचा तो तीस वर्षे अध्यक्ष होता. क्रिकेटवरच्या लेखांत हे सहसा येत नाही. ऐंशीव्या वाढदिवसाला त्याने 'टाइम्स'ला पत्र लिहून पोरांना सांगितले की क्रिकेटइतका निर्मळ खेळ जगात दुसरा नाही. मला खात्री आहे की हे तो मनापासून म्हणत होता. २४ मार्च १९३२ रोजी बेलमाँटला तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ जूनला, सी. के. नायडूंचा संघ लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी खेळायला उतरला.

हिंदी खेळाडूंविषयी त्याचे मत होते की धीर या एका गुणात हा माणूस इंग्रजाची बरोबरी कधीच करणार नाही. विजय मर्चंट, गावसकर यांच्या गावाबद्दल हे लिहिले जावे, आणि त्याच नावाच्या ढालीसाठी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची भागी करत समोरच्यांचा जीव काढावा! त्या सामन्यात तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. सर डाव घोषित करा म्हणून निरोप पाठवत होते आणि पोरे तिकडे बघतच नव्हती.

तेव्हा मुलाला खुशाल खेळू द्या. ढाल हॅरिस परत गेल्यानंतर सुरू झाली, आणि सव्वाशे वर्षांत ती दादर-माटुंगा-वांद्र्याच्या पोरांची झाली आहे. फक्त 'जनक' हा शब्द घरात कोणी वापरला तर आजोबांना बोलू द्या.

एक गोष्ट मात्र मुलाला जरूर सांगा. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कर्णधार, आणि बाकीचे खेळाडू निवडले ते हिशेब मांडून: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान. त्या पाचांत एके काळी पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर रूळ फिरवणारा, अस्पृश्य मानला गेल्याने पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या कुल्हडात चहा प्यायला लागणारा पालवणकर बाळू होता. त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. याच संघाविरुद्ध केंटकडून एक साठ वर्षांचा म्हातारा पॅड बांधून उतरला, आणि प्रथम श्रेणीतले त्याचे ते अखेरचे वर्ष ठरले. तो लॉर्ड हॅरिस होता.